व्हीगन प्रोटीन पावडर चव बघून कशी निवडायची

व्हीगन प्रोटीन पावडर घ्यायची म्हटलं की बहुतेक जण आधी फ्लेवर ठरवतात. चॉकलेट की व्हॅनिला, एवढं ठरलं की डबा घरी येतो. पहिल्याच घोटाला तोंड वाकडं होतं, "या पावडरींची चवच असली" असं म्हणून विषय संपतो आणि डबा कपाटात मागे सरकतो.

बऱ्याच पावडरी पिऊन झाल्यावर माझं मत पक्कं झालंय: फ्लेवर सगळ्यात शेवटी ठरवायचा. आधी गोडी कशाची आहे ते बघायचं, मग प्रोटीन कशातून काढलंय ते, मग पोत. ही तीन गणितं जुळली तर साधा व्हॅनिलाही आवडीने प्यायला जातो. नाही जुळली तर डब्यावर चॉकलेटचा धबधबा छापलेला असूनही तो डबा संपत नाही.

पायऱ्यांकडे जाण्याआधी हाताशी काय ठेवायचं ते सांगतो:

- ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा (स्कूपवर भरवसा ठेवू नका, कारण पुढे येईलच)
- आत तारेचा गोळा असलेला शेकर
- दोन-तीन सारखे पारदर्शक ग्लास आणि मापाचा कप
- ज्या पावडरी मनात आहेत त्यांच्या लेबलच्या मागच्या बाजूचे फोटो: घटकांची यादी आणि पोषणाचा तक्ता, दोन्ही
- जमल्यास कंपनीकडून मागवलेला त्या बॅचचा तपासणी अहवाल
- नोंदींसाठी कागद. चव दोन दिवसांत डोक्यातून निघून जाते.

## १. आधी गरज ठरवा, पण त्यात अडकू नका

निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम प्रोटीन पुरतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. नियमित आणि जोरकस व्यायाम करणाऱ्यांसाठी १.४ ते २ ग्रॅमपर्यंतचा आकडा सांगितला जातो. जेवणातून किती मिळतं ते ढोबळ मोजा, उरलेली तूट पावडरीने भरा. बहुतेकांना दिवसाला एक ग्लास पुरेसा होतो.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नका. थायरॉइडची गोळी घेत असाल तर सोयाची पावडर गोळीच्या आसपास घेऊ नका, सोयामुळे ती गोळी नीट शोषली जात नाही. किती अंतर ठेवायचं तेही डॉक्टरांनाच विचारा. शेंगदाण्याची अॅलर्जी असणाऱ्यांनी वाटाणा आणि ल्युपिन (हेही एक कडधान्यच) यांच्या बाबतीत सावध राहावं, ही सगळी एकाच कुळातली मंडळी आहेत.

## २. गोडी कशाची आहे ते वाचा

डब्याची पाठ वळवली की नजर आधी इथे गेली पाहिजे. पावडर नावडण्याचं कारण अनेकदा प्रोटीन नसतंच. ते असतं गिळल्यानंतर मागे राहणारं गोडाचं शेपूट.

स्टीव्हिया. साखरेच्या २०० ते ३०० पट गोड. वनस्पतीतून येतं म्हणून व्हीगन पावडरींचं अगदी लाडकं. पण त्यातली संयुगं जिभेवरच्या कडू चवीच्या ग्राहींनाही चाळवतात, आणि त्या ग्राहींची संवेदनशीलता माणसागणिक वेगळी असते. म्हणूनच एकच पावडर एकाला "छान गोड" लागते आणि दुसऱ्याला तीच औषधी, ज्येष्ठमधाच्या अंगाने जाणारी लागते. दोघंही खरं बोलत असतात. त्यामुळे स्टीव्हिया असलेल्या पावडरीबद्दल दुसऱ्याचं मत वाचून फारसं काही कळत नाही. लेबलवर नुसतं स्टीव्हिया न लिहिता "रेबॉडिओसाइड एम" किंवा "रेब एम" (स्टीव्हियातल्या गोड संयुगांपैकी एक) लिहिलं असेल तर ते चांगलं लक्षण समजा. आधीपासून वापरात असलेल्या रेब ए या संयुगापेक्षा त्याचा शेवट स्वच्छ असतो.

मंक फ्रूट. एका चिनी फळातून काढलेला गोडवा. गोडी स्टीव्हियापेक्षा गोलसर, कडवटपणा कमी. पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात, तेव्हा यादीत आधी काय आलंय ते बघा.

सुक्रालोज. साखरेच्या सुमारे ६०० पट गोड. चव साखरेच्या बरीच जवळ जाते, पण गोडी लांबत राहते. ज्यांना स्टीव्हिया कडू लागतं त्यांनी हा एकदा चाखून बघावा. कृत्रिम गोडवा नको असं तत्त्व असेल तर अर्थात प्रश्नच मिटला.

एरिथ्रिटॉल. विरघळताना उष्णता शोषून घेतं, म्हणून तोंडात गारवा जाणवतो. थंड चॉकलेट शेकमध्ये तो खपून जातो, कॉफीच्या फ्लेवरमध्ये विचित्र वाटतो. काहींचं पोटही यामुळे फुगतं. याचाच भाऊ झायलिटॉल: तो असलेला डबा घरात कुत्रा असेल तर आणूच नका, कुत्र्यांना तो विषारी असतो.

साधी साखर किंवा नारळाची साखर. चवीला सगळ्यात सरळ. एका मापात किती ग्रॅम आहे ते बघा आणि ठरवा. मला चार-पाच ग्रॅम साखर असलेली पावडर रोज आनंदाने पिणं हे शून्य साखरेची पावडर नाक दाबून पिण्यापेक्षा बरं वाटतं.

यातलं कोणतं आपल्याला चालतं हे शोधायला पावडर विकत घ्यायचीही गरज नाही. स्टीव्हिया किंवा सुक्रालोज घातलेलं एखादं पेय किंवा गोडव्याची पुडी आणा, पाण्यात ढवळा, प्या आणि मिनिटभर थांबा. घशाशी जे उरतं तेच रोज उरणार आहे.

## ३. प्रोटीन कशाचं आहे?

कडधान्यांच्या पावडरीला जो हिरवट, कच्च्या शेंगेचा वास येतो त्यामागे रसायन आहे. दाण्यातल्या स्निग्धांशावर लिपॉक्सिजनेज नावाचं एन्झाइम काम करतं आणि त्यातून हेक्झॅनलसारखी उडून जाणारी संयुगं तयार होतात. नाकाला झोंबतात ती हीच. कडवटपणात मोठा वाटा सॅपोनिनचा. चांगला उत्पादक हे आधीच काढून टाकण्यावर मेहनत घेतो, दुसरा त्यावर फ्लेवरचा थर चढवतो. दोन्ही डबे बाहेरून सारखेच दिसतात.

वाटाणा. पिवळ्या वाटाण्यापासून काढलेल्या आयसोलेटमध्ये, म्हणजे बाकीचे घटक बरेचसे काढून टाकलेल्या प्रोटीनमध्ये, ८० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं. पोत दाट आणि मऊसर, चव मातकट. एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही: हे प्रोटीन अल्कलीच्या पाण्यात विरघळवून, आम्लाने खाली बसवून, मग पुन्हा उदासीन करून घेतात. या प्रक्रियेत सोडियम शिरतं, त्यामुळे काही पावडरी चक्क खारट लागतात. पोषणाच्या तक्त्यात सोडियमचा आकडा बघा. एका मापात ३००-४०० मिलिग्रॅम दिसलं तर व्हॅनिलासारख्या हलक्या फ्लेवरमध्ये ते जाणवणार.

तांदूळ. चव वाटाण्यापेक्षा सौम्य, पण पोत वाईट. एकट्या तांदळाच्या प्रोटीनचा घोट घेतला की खडू चाटल्यासारखं वाटतं. लायसिन हे अमिनो आम्ल (प्रोटीन ज्यांचं बनतं त्यातला एक घटक) यात कमी पडतं, वाटाण्यात मेथिओनिन कमी पडतं. म्हणून दोघांचं मिश्रण करतात, साधारण ७० भाग वाटाणा आणि ३० भाग तांदूळ. चवीच्या दृष्टीनेही ही जोडी चांगली: तांदूळ वाटाण्याचा हिरवटपणा पातळ करतो आणि वाटाणा तांदळाचा खरखरीतपणा झाकतो. नवख्याने सुरुवात इथूनच करावी.

सोया. आयसोलेटमध्ये पाण्याचा अंश वगळता किमान ९० टक्के प्रोटीन असतं आणि अमिनो आम्लांचा समतोल वनस्पतींमध्ये सर्वांत चांगल्यांपैकी. पाण्यात मिसळतोही सुरेख. सोयाबद्दल उगाच भीती बाळगणारे खूप भेटतात. चवीच्या बाबतीत मी तरी त्याला वाटाण्याच्या वर ठेवतो.

हेम्प (भांगेच्या जातीची वनस्पती) आणि भोपळ्याच्या बिया. हेम्पमध्ये प्रोटीन जेमतेम ५० टक्के, बाकी बराचसा चोथा. रंग शेवाळी, चव दाणेदार आणि खमंग. स्मूदीत ठीक, नुसत्या पाण्यात नाही. भोपळ्याच्या बियांचं प्रोटीन मला जास्त आवडतं, पण ते एकटं क्वचित मिळतं, मिश्रणात मिळालं तर जरूर घ्या.

आंबवलेल्या प्रोटीनकडेही लक्ष ठेवा. काही उत्पादक वाटाणा आणि तांदळाच्या प्रोटीनवर बुरशीचं मायसेलियम (तंतूंचं जाळं) वाढवून कडवटपणा कमी करतात. तसं असेल तर घटकांच्या यादीत "आंबवलेलं" हा शब्द दिसतो.

## ४. लेबलवरची गणितं आणि सापळे

पहिलं गणित टक्क्याचं. एका मापातलं प्रोटीन भागिले मापाचं वजन, गुणिले शंभर. ३० ग्रॅमच्या मापात २१ ग्रॅम प्रोटीन म्हणजे ७० टक्के, फ्लेवर असलेल्या पावडरीसाठी छान. ४५ ग्रॅमच्या मापात २० ग्रॅम असेल तर तुम्ही निम्म्याहून जास्त इतर माल पिताय. चव उत्तम असलेल्या पावडरींमध्ये हा आकडा थोडा खाली असतो, कारण कोको, गम, साखर यांना जागा लागते. ६० टक्क्यांपर्यंत मी चालवून घेतो.

दुसरा सापळा स्कूपचा. डब्यावरचं "एक माप" म्हणजे कधी एक स्कूप असतो, कधी दोन. शिवाय पावडर दाबली गेली की तोच स्कूप जास्त वजनाचा भरतो. मग शेक कधी पाणचट, कधी घट्ट आणि अती गोड होतो, आणि दोष पावडरीला जातो. एकदा काट्यावर तोलून स्कूपला खूण करून ठेवा.

तिसरा सापळा जरा लबाड आहे. प्रोटीन मोजण्याची जुनी केल्डाल पद्धत, १८८३ पासूनची, प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. स्वस्तातली ग्लायसिन किंवा टॉरिनसारखी सुटी अमिनो आम्लं मिसळली तरी नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रोटीन फुगतं. त्यात ग्लायसिन चवीला गोड. म्हणजे पावडर चविष्टही लागते आणि आकडाही मोठा दिसतो! घटकांच्या यादीत सुटं ग्लायसिन, टॉरिन किंवा ग्लुटामिन दिसलं आणि ते प्रोटीनच्या आकड्यातून वगळल्याचं कुठे लिहिलं नसेल, तर डबा परत ठेवा.

आता व्हीगनपणाबद्दल. "प्लँट बेस्ड" लिहिलं म्हणजे सगळंच वनस्पतीतून आलं असं धरू नका:

- वरून घातलेलं डी३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या लॅनोलिनपासून बनतं. लायकेनपासूनचं (दगडफुलासारख्या वनस्पतीपासूनचं) असेल तर कंपनी तसं आवर्जून लिहिते.
- "नैसर्गिक फ्लेवर" या दोन शब्दांत दुधापासूनचा घटकही बसू शकतो. व्हीगन सोसायटीसारख्या संस्थेचं चिन्ह असेल तर ही शंका मिटते.
- "अॅनिमल-फ्री व्हे" हे सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतलेलं खरंखुरं दुधाचं प्रोटीन असतं. गाय नसली तरी दुधाची अॅलर्जी असलेल्याला ते चालत नाही.

झँथन गम, ग्वार गम, सूर्यफुलाचं लेसिथिन ही नावं बघून दचकू नका. गम दाटपणा देतो आणि कण जिभेला टोचू देत नाही. लेसिथिनमुळे पावडर पाण्यावर तरंगत न राहता पटकन भिजते. चांगल्या पोताच्या बहुतेक पावडरींत यातलं काहीतरी असतंच. पोट हळवं असेल तर गमपेक्षा इन्युलिनवर, म्हणजे चिकोरीच्या मुळाच्या चोथ्यावर, लक्ष ठेवा. गॅसची तक्रार तिथून जास्त येते.

## ५. जड धातूंचा प्रश्न, आणि चॉकलेटची अडचण

झाडं जमिनीतून शिसं, कॅडमियम, आर्सेनिक ओढून घेतात, त्यामुळे वनस्पतींच्या पावडरीत हे धातू दुधापासूनच्या प्रोटीन पावडरीपेक्षा जास्त सापडतात. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने २०२५ साली केलेल्या चाचणीत वनस्पतीजन्य पावडरींमध्ये शिसं सरासरीने दुधापासूनच्या प्रोटीन पावडरींच्या नऊ पट निघालं. तांदळात आर्सेनिकचा प्रश्न असतो, कोकोत कॅडमियमचा.

इथे चवीची पंचाईत होते, कारण कडधान्याचा वास झाकायला चॉकलेटइतका समर्थ फ्लेवर दुसरा नाही. कोकोचा स्वतःचा कडवटपणा वाटाण्याच्या कडवटपणाला सामावून घेतो. व्हॅनिला उघडा पडतो. माझा तोडगा असा: चॉकलेट घ्यायचंच असेल तर बॅचनुसार अहवाल देणारी कंपनी निवडा आणि दिवसाला एका मापावर थांबा. कंपनीला ईमेल करून डब्यावरचा बॅच क्रमांक सांगा आणि शिसं, कॅडमियम, आर्सेनिक यांचे आकडे मागा. आकड्यांऐवजी "आमची उत्पादनं सुरक्षित आहेत" एवढंच उत्तर आलं, तर तेही उत्तरच समजायचं.

एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट किंवा इन्फॉर्म्ड स्पोर्ट ही बाहेरच्या संस्थांच्या तपासणीची चिन्हं उपयोगी आहेत, मात्र इन्फॉर्म्ड स्पोर्टचा भर खेळात बंदी असलेल्या द्रव्यांवर असतो. ते चिन्ह दिसलं तरी धातूंचा अहवाल वेगळा मागा. गरोदर असाल किंवा मुलांसाठी घेत असाल तर या पायरीवर सवलत देऊ नका.

## ६. सॅशे मागवा आणि नुसत्या पाण्यात चाखा

मोठा डबा थेट घेऊ नका. एका मापाच्या पुड्या किंवा नमुन्यांचा संच मिळत असेल तर तो घ्या, एकेका ग्रॅमचा भाव महाग पडला तरी चालेल.

चाखताना दूध, केळं, बर्फ काही नको. १० ग्रॅम पावडर, १०० मिलि थंड पाणी, सगळ्या नमुन्यांना तेच माप. दात घासल्यावर किंवा कॉफीनंतर लगेच चाखू नका. मग असं करा:

आधी कोरड्या पावडरीचा वास घ्या. गोड वासाच्या मागे कच्च्या शेंगेचा वास डोकावतोय का? मग ढवळून ग्लास उजेडात धरा. काठावर कण चिकटलेत, तळाशी थर बसतोय, की एकसंध दिसतंय? घोट घ्या, पण लगेच गिळू नका. जीभ टाळूवर घासा. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा मोठे कण जिभेला कळतात आणि खरखर ती हीच. आता गिळा, आणि घड्याळात मिनिटभर बघत थांबा. बहुतेक पावडरींचा खरा स्वभाव या मिनिटात कळतो: गोडी विरते की चढत जाते, कडवट काही वर येतं का, घसा कोरडा पडतो का. उरलेला ग्लास दहा मिनिटं तसाच ठेवून पुन्हा प्या. वाटाण्याचं प्रोटीन पाणी शोषून दाट होतं. काहींना तो दाटपणा आवडतो, काहींना गिळवत नाही.

घोटाने जिंकलेली पावडर ग्लासाने हरू शकते. पहिल्या घोटाला जी सगळ्यात गोड ती सगळ्यात छान वाटते, आणि तीच तिसऱ्या दिवशी अर्धा ग्लास झाल्यावर नकोशी होते. म्हणून पहिल्या दोन नंबरांच्या पावडरी दोन-तीन दिवस पूर्ण माप घेऊन, रोज जेव्हा पिणार त्याच वेळी प्या. शंका असेल तर कमी गोड असलेली निवडा, कारण गोडी घरी वाढवता येते, काढून घेता येत नाही.

आणि कुठलीच गोडी पटली नाही तर? मग बिनफ्लेवरची वाटाणा-तांदूळ पावडर घ्या आणि कोको, चिमूटभर मीठ, खजूर किंवा साखर स्वतः घाला. स्टीव्हिया न सोसणाऱ्यांसाठी याहून सरळ वाट नाही.

## ७. मिसळायची रीत

आधी पातळ पदार्थ, वर पावडर. उलट केलं की तळाशी गोळा बसतो. एका मापाला २५० ते ३०० मिलि घ्या, थंडगार घ्या. थंड पेयातून वास कमी उडतो, म्हणून तीच पावडर गार असताना सौम्य लागते आणि कोमट झाली की शेंगा आठवतात. शेकर हलवून झाल्यावर पाच मिनिटं थांबा, फेस बसतो आणि कण भिजून मऊ होतात.

संत्र्याच्या किंवा इतर आंबट रसात वाटाण्याची पावडर घालू नका. ४.५ पीएचच्या आसपास हे प्रोटीन विरघळणं सोडून देतं आणि रसात कण कण तरंगू लागतात. गरम कॉफीतही तसंच फाटल्यासारखं होतं. आधी थोड्या गार दुधात, म्हणजे ओटच्या किंवा सोयाच्या, पेस्ट करा आणि मग हळूहळू कॉफी ओता.

कडवटपणा जाणवत असेल तर चिमूटभर मीठ मदत करतं, फक्त पावडर आधीच खारट नाही ना ते बघा. हिरवट वास जास्त असेल तर थोडा स्निग्धांश घाला: चमचाभर पीनट बटर किंवा नारळाचं दूध. वास देणारी बरीच संयुगं स्निग्धात अडकून राहतात आणि नाकापर्यंत कमी पोचतात. गोठवलेलं केळं पोत सुधारतं, पण केळ्याची चव सगळ्यावर बसते हे मान्य असेल तरच.

शेकर लगेच धुवा. तासभर गाडीत राहिलेला शेकर उघडायची वेळ आलीच तर मोकळ्या हवेत उघडा.

## ८. मोठा डबा घेताना

दोन डब्यांची तुलना करताना वजनाचा भाव बघू नका, प्रोटीनच्या ग्रॅमचा बघा: डब्याची किंमत भागिले डब्यातलं एकूण प्रोटीन. मोठ्या डब्याची बचत खरी असते, पण उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपेल एवढाच घ्या. स्निग्धांश असलेली पावडर, विशेषतः हेम्प, जुनी झाली की खवट होते. चमचा कोरडा हवा, आतली सिलिकाची पुडी आतच राहू द्या, आणि डबा फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढला की आत दव धरतं आणि गुठळ्या होतात.

जुन्या डब्याच्या लेबलचा फोटो जपून ठेवा. कंपन्या गाजावाजा न करता गोडवा किंवा प्रोटीनचं प्रमाण बदलतात, आणि "नवी सुधारित चव" असं कोपऱ्यात छापतात. पुन्हा मागवण्याआधी दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचा, आणि काही बदललं असेल तर पुन्हा एका पुडीपासून सुरुवात करा.